आईच्या जुनाट कंबरदुखीसाठी सांगली-मिरज परिसरात कोणत्या डॉक्टरांकडे जावे?

आपल्या आई साठीच्या पुढच्या आहेत, तासगाव तालुक्यात द्राक्षबागेत त्यांचे आयुष्यभर काम झाले आहे, चार वर्षांपासून कंबर आणि डावा पाय दुखतो, एका डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली तर दुसऱ्यांनी नको म्हटले, आणि आता त्यांना पुण्याला न्यावे का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. मानेचे आणि हाताचे दुखणे सांभाळत मी बरीच वर्षे सांगलीत राहते आणि त्या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि अनुभवले त्यावरून लिहीत आहे.

पुण्याला नेण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन रुग्णालय सुरू केले तेव्हापासून पार कर्नाटकातले रुग्ण उपचारांसाठी मिरज गाठतात, आणि १९६२ पासून तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तज्ज्ञांची आपल्याकडे वाण नाही. अडचण अशी आहे की हाडांचे डॉक्टर मणका पाहतात, मेंदू-मज्जातंतूंचे डॉक्टर नस पाहतात, प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी असते, आणि दुखणाऱ्या माणसाची एकत्रित जबाबदारी मात्र कोणाकडेच राहत नाही. म्हणून सर्वांत नामांकित डॉक्टर शोधण्यापेक्षा, सगळी औषधे आणि सगळे सल्ले आपल्या हाती घेऊन पुढे सांभाळायला तयार असलेला एक डॉक्टर शोधावा.

त्याआधी एक गोष्ट तपासून घ्यावी. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, पायातली ताकद कमी होत जाणे, ताप, कारण नसताना वजन घटणे किंवा पूर्वी कर्करोग झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर निवड करत बसू नये. पहिल्या तीन लक्षणांसाठी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा.

तसे काही नसेल तर दुखण्याचा स्वभाव नीट पाहावा. सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ अंग आखडलेले राहत असेल आणि सांधे सुजत असतील, तर संधिवाततज्ज्ञांकडे जावे. थोडे चालले की पाय भरून येतात आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरे वाटते, असे असेल तर मणक्यातील नसांची वाट अरुंद झाल्याची शक्यता असते आणि मणक्याच्या शल्यचिकित्सकांचे मत घेणे योग्य ठरते. याशिवाय पेन क्लिनिक नावाचा एक पर्याय आहे, जो आपल्याकडे अजून पुष्कळांना ठाऊक नाही. तेथील डॉक्टर बहुतेक वेळा मूळचे भूलतज्ज्ञ असतात आणि त्यांनी वेदनेच्या उपचारांचे पुढील प्रशिक्षण घेतलेले असते. नसेजवळ इंजेक्शन देणे हा त्यांच्या कामाचा एक भाग आहे, पण चांगला पेन क्लिनिकचा डॉक्टर पहिल्याच भेटीत सुई काढत नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपर काढताना, वेदनेची ओपीडी चालते का आणि कोणत्या दिवशी, हे अवश्य विचारावे.

शस्त्रक्रियेचा सल्ला केवळ एमआरआयवरून दिला असेल, तर दुसरे मत घ्यावेच. ‘मणक्यात गॅप आहे’ हे ऐकून घरातले सगळे धास्तावतात. परंतु काहीही न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात, साठीतल्या सुमारे ८८ टक्के लोकांच्या मणक्यातील चकत्या झिजलेल्या आढळल्या होत्या. म्हणून अहवालातील दोष आणि आईंचे दुखणे यांचा मेळ बसतो का, हे डॉक्टरांनी हाताने तपासूनच ठरवायला हवे. पाय सरळ उचलून पाहणे, बोटांतील जोर पाहणे, संवेदना पाहणे, एवढेही न करता ज्यांनी तारीख दिली, त्यांच्याकडे परत जाऊ नये.

तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात स्वतंत्र स्थान आहे, कारण इतके दिवस दुखत राहिल्यावर मज्जासंस्थाच अधिक संवेदनशील होऊ शकते. योग्य डॉक्टर हे जाणतात, आणि म्हणून आईंना झोप किती लागते, किती अंतर चालवते, जमिनीवर बसता-उठता येते का, हेही विचारतात. दुखणे पूर्ण जाईलच असे ते म्हणत नाहीत; कोणते काम पुन्हा जमायला हवे, ते ठरवतात आणि व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठवतात. ठरावीक इंजेक्शनांत कायमची सुटका, अशी हमी देणाऱ्यांपासून दूर राहावे.

औषधांबाबत मला विशेष कळकळीने सांगावेसे वाटते. डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मेडिकलमधून आणून वर्षानुवर्षे घेतल्यास जठराला आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, आणि रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर तो धोका वाढतो. गावोगावी मिळणाऱ्या बिननावाच्या पुडीत स्टिरॉइड असू शकते. त्याने दोन दिवसांत उभारी येते, म्हणूनच लोक त्या पुडीची वाखाणणी करतात. पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. आई अशी पुडी घेत असतील तर तसे डॉक्टरांना न रागावता, न लाजता सांगावे आणि ती एकाएकी बंद करू नये, कारण शरीराची स्वतःची स्टिरॉइडनिर्मिती मंदावलेली असू शकते. याउलट, नसांच्या दुखण्यावर अ‍ॅमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलोक्सेटीन लिहून दिले, तर ‘ही डोक्याची गोळी आहे’ असे कोणी म्हटले म्हणून ती सोडू नये. नैराश्यावरची ही औषधे वेदनेचे संदेश कमी करण्यासाठीही दिली जातात.

पहिल्या भेटीला जाताना जुन्या चिठ्ठ्या, सध्याच्या गोळ्यांची पाकिटे आणि एमआरआयच्या अहवालाबरोबर फिल्मही न्यावी. दुखणे आईंना त्यांच्या शब्दांत सांगू द्यावे. मुलांनी मध्ये बोलू नये. नंतर आपण विचारावे, ‘या उपचाराचा उपयोग होतो आहे की नाही, हे आपण किती दिवसांनी आणि कशावरून ठरवायचे?’ ज्या डॉक्टरांनी या प्रश्नाचे सरळ उत्तर दिले, त्यांना तेवढा अवधी द्यावा, आणि त्या काळात त्यांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणाचेही औषध सुरू करू नये.