खाडीच्या मुखाशी किनाऱ्यावरून फ्लाय फिशिंग करायचं तर ८० फुटांचा कास्ट, म्हणजे लाइनची फेक, यायलाच हवा का? पाण्यात कितपत उतरावं? लाइन कुठली घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की एका अनुभवी माणसानं तुम्हाला सांगितलं, ‘८० फूट टाकता येत नसेल तर मुखाशी उभं राहू नकोस, आणि भरती संपली की सामान आवर.’ ही दोन्ही वाक्यं मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. दोन्ही चूक आहेत.

मला कास्टिंग ज्यांनी शिकवलं त्यांना मी काका म्हणतो. त्यांचा डबल हॉल (फेकताना दुसऱ्या हातानं लाइनीला दोन झटके देऊन वेग वाढवणं) आजही बघत राहावा असा आहे. मोकळ्या मैदानात अख्खी लाइन सोडतात. पण मुखाशी आले की त्यांची नजर पलीकडच्या काठावरच. सरळ मांडीभर पाण्यात शिरायचं, लांबात लांब टाकायचं, फ्लाय (गळावर बांधलेलं पिसं-दोऱ्यांचं हलकं आमिष) पडली की लगेच ओढायला लागायचं. आणि टाइड टेबलातली (भरती-ओहोटीच्या तक्त्यातली) भरतीची वेळ उलटून अर्धा-पाऊण तास झाला की, ‘चला, ओहोटी लागली, मासा गेला.’

एकदा अमावास्येनंतरच्या उधाणाला आम्ही असेच गेलो होतो. वेळ झाली, काकांनी लाइन गुंडाळली, बाकीचेही निघाले. मी म्हटलं, “काका, पाणी अजून आतच चाललंय.” फेस आणि पालापाचोळा खरंच नदीच्या दिशेनं वर सरकत होता. त्यांनी टेबल दाखवलं. “वेळ होऊन गेलीय, अरे.”

टेबल पाण्याची उंची सांगतं. प्रवाह कधी उलटेल हे ते सांगत नाही, आणि मुखाशी मासेमारी करणाऱ्याला दुसरीच गोष्ट हवी असते. मुख अरुंद आणि आतला पसारा मोठा असला की बाहेर समुद्र उतरायला लागला तरी आतली पातळी अजून खालीच असते, म्हणून पाणी आत येतच राहतं. मग थांबतं. मग उलटतं. काही मुखांवर हा फरक दहा मिनिटांचा असतो, काहींवर तासाच्या वर. हे पुस्तकात मिळत नाही. त्या त्या मुखावर उभं राहून एखादं पान कुठे चाललंय ते बघावं लागतं.

मी थांबलो. पाणी आधी स्तब्ध झालं, मग हळूहळू बाहेर निघालं, आणि पुढच्या तासाभरात त्याला अशी ओढ आली की दांड्याच्या (पाण्यातल्या वाळूच्या पट्ट्याच्या) टोकाशी भोवरे धरायला लागले. साधारण सहा तासांच्या ओहोटीत निम्मं पाणी तिसऱ्या आणि चौथ्या तासात उतरतं, त्यात नदीचं स्वतःचं पाणी मिसळतं. भरतीत चिखलाच्या पट्ट्यांवर आणि खारफुटीत पसरलेली बोयटांची पिल्लं, कोळंबी, सगळं आता एकाच दारातून बाहेर पडणार असतं. शिकारी मासा अशा वेळी प्रवाहाशी झुंजत बसत नाही. वेगाचं पाणी आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतं, त्या फेसाच्या रेघेच्या संथ बाजूला तो येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून उभा राहतो.

ती रेघ माझ्यापासून ३० फुटांच्या आतच होती. तासाभरापूर्वी काका जिथे उभे होते, नेमकी तिथे.

मी पाण्यात पाऊल टाकलं नाही. थोडं खालच्या अंगाला तिरकं टाकलं, एक मेंड दिला, म्हणजे लाइनीचा बाक उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवला, आणि हात स्थिर ठेवला. फ्लाय प्रवाहाबरोबर कमानीत फिरत रेघ ओलांडून माझ्या काठाकडे आली आणि खाली ताठ होऊन लटकली. तिथे मी ओढलं नाही, लटकू दिलं. जिताड्यानं तिथेच घेतली. त्याला सोडलं, परत तसंच टाकलं, परत लागला. मंडळी गाडीपासून परत आली तोवर पाणी पार उतरलं होतं. काका म्हणाले, “नशीब.”

तो शब्द मला अजून सलतो. त्यानंतर जेव्हा जेव्हा विषय निघाला तेव्हा काकांचं म्हणणं एकच, ‘मी ओहोटीतही टाकून पाहिलंय, काही लागत नाही.’ त्यांनी ओहोटीत टाकलेलंच नाही. त्यांनी थांबलेल्या पाण्यात टाकलंय, आणि थांबलेल्या पाण्यात कुठल्याही मुखावर मासा सुस्तच असतो.

८० फुटांचं आणखी एक. एवढी लाइन मुखावर आडवी टाकलीत की मधली वेगाची धार तिच्या पोटाला धरते. फ्लाय अशा वेगानं ओढली जाते की कुठलंही पिल्लू तसं पोहत नाही, आणि मासा लागला तरी लाइनीतल्या बाकामुळे गळ नीट बसत नाही. ३०-४० फूट टाका, ताबा ठेवा.

पाण्यात उतरण्याबद्दल: पहिला तासभर कोरड्या जागेवरूनच. नंतर उतरायचं ते कोन मिळावा म्हणून, अंतरासाठी नाही. ओहोटीत गुडघ्याच्या वर अजिबात जाऊ नका. पायाखालची वाळू प्रवाह उकरत असतो, आणि तोल गेला तर तो तुम्हाला थेट समुद्राकडे नेतो. पाय उचलून नाही, घासत चाला, म्हणजे वाळूत बसलेलं पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकतं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. भरती येत असताना दांड्यावर उभे असाल तर मागच्या खोलगटीत पाणी शिरतंय का ते बघत राहा, परतीची वाट आधी तिथेच बंद होते.

लाइन विचारलीत. ८ वेट (लाइनच्या वजनाचा क्रमांक), इंटरमीजिएट, म्हणजे हळू बुडणारी. फ्लोटिंग लाइन लाटांवर आणि वाऱ्यावर भरकटते. पावसानंतर वर गोडं गढूळ पाणी आणि खाली जड खारं पाणी असे थर होतात, तेव्हा सिंकिंग टिप, म्हणजे पुढचं टोक बुडणारी लाइन, लावा. फ्लाय म्हणून क्लाउझर या प्रकारची पुरे. बॉब क्लाउझर यांनी ती नदीतल्या बास माशांसाठी बांधली होती, पण जड डोळ्यांमुळे तिचा गळ वर राहतो आणि वाळूत अडकत नाही, म्हणून मुखाशी ती फार कामाची. जिताडा असेल तर फ्लायच्या लगेच पुढे ३०-४० पौंड ताण सोसणारा जाड दोऱ्याचा तुकडा हवाच, त्याच्या गालाची कड धारदार असते. स्ट्रिपिंग बास्केट (ओढलेली लाइन ठेवायची कमरेची टोपली) घ्या, नाहीतर सुटी लाइन प्रवाह घेऊन जातो. आणि माशानं फ्लाय घेतली की गळ बसवायला रॉड वर उचलू नका, हातानं लाइन ओढा.

हे सगळं उधाणाच्या आसपासचं आहे. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटी लहान असते तेव्हा) ओढ कमी असते, तेव्हा फ्लाय आपसूक फिरत नाही, लांब टाकून ओढावंच लागतं. समोर उथळ दांडा असलेल्या मुखावर भरतीचे पहिले दोन तासही चांगले जातात. वारा समुद्राकडून जोरात असेल तर ओहोटीवर उभ्या लाटा उठतात, त्या दिवशी जाऊच नका. समोरच्या वाऱ्यात ४० फूट टाकायलाही डबल हॉल लागतो, आणि तो मला काकांनीच शिकवला.

काका हे वाचतील. काका, पुढच्या उधाणाला टेबलातली वेळ झाल्यावर दीड तास थांबा, आणि पाण्यात उतरू नका.