जाऊबाई म्हणतात, तो नुसता कागद

प्रश्न : मी ४२ वर्षांची, कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहते. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर लावायचं, केसपेपर काढायचं काम करते. २००४ साली इतिहास घेऊन बी.ए. झाले आणि लगेच लग्न झालं. आता दूरशिक्षणातून इतिहासातच एम.ए. करावं असं फार मनात आहे. थोरल्या जाऊबाई म्हणतात, घरी बसून मिळालेली डिग्री म्हणजे नुसता कागद, त्याला कोण विचारतंय! अशी पदवी खरंच चालते का? आणि एवढ्या वर्षांनी मला अभ्यास जमेल का?

उत्तर : आधी जाऊबाईंचं मिटवू. मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरशिक्षणाची पदवी ही कॉलेजात जाऊन मिळवलेल्या पदवीच्या बरोबरीचीच धरली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये तशी सूचनाच काढली आहे. मेख आहे ती ‘मान्यता असलेल्या’ या शब्दांत. मान्यता विद्यापीठाला सरसकट मिळत नाही, त्या त्या अभ्यासक्रमाला आणि त्या त्या सत्रासाठी मिळते. म्हणून फी भरण्याआधी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर ‘एम.ए. इतिहास’ हे शब्द स्वतःच्या डोळ्यांनी बघा. एजंट काय सांगतो ते ऐकू नका. एजंट असलाच, तर तिथूनच माघारी फिरा.

आपल्याला जवळचं म्हणजे शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र. मग नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि दिल्लीचं इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. इग्नूची इतिहासाची पुस्तकं हिंदी-इंग्रजीत आहेत आणि त्यांच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर ती फुकट वाचता येतात. प्रवेश कुठेही घ्या, ती वाचाच. पेपर मराठीत लिहायचा असेल तर आधीच्या दोन ठिकाणी चौकशी करा.

एक गोष्ट आजच करा. तुमची बी.ए.ची कागदपत्रं माहेरच्या नावाची असतील आणि आधार सासरच्या नावाचं. आता प्रवेशाआधी ऑनलाईन डेब आयडी, म्हणजे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक, काढावा लागतो, तिथं नावं जुळली नाहीत की गाडी अडते. लग्नाचा दाखला शोधून ठेवा. तो कधीच काढला नसेल, तर आधी त्याच्या मागे लागा.

आता अभ्यासाचं. मी लक्ष्मीपुरीतल्या एका पतसंस्थेत क्लार्क होते आणि ४५व्या वर्षी असंच एम.ए. केलं, इतिहासातच. पुस्तकं घरी आली त्या दिवशी वर्तमानपत्राची कव्हरं घातली. रोज रात्री भांडी आवरली की वाचायची, रविवारी करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसायची. हे ग्रंथालय १८५० सालचं. तिथं बसलं की उगीचच आपण विद्वान झाल्यासारखं वाटतं. चारही पुस्तकं दोनदा वाचून झाली आणि पहिल्याच पेपरात दोन मार्कांनी गेले.

कारण काय, तर लिहायची सवयच नव्हती. पतसंस्थेत आकडे मांडणारा हात तो. दुसऱ्या उत्तरालाच मनगट आखडलं. त्यात राजर्षी शाहूंच्या आरक्षणाच्या आदेशावर प्रश्न होता. कोल्हापूरच्या पोरीला हा प्रश्न म्हणजे घरचा! २६ जुलै १९०२, निम्म्या जागा राखीव, दसरा चौकातला पुतळा लहानपणापासून बघतेय. पाऊण पान लिहिलं आणि पुढं काही सुचेना. तोवर मला वाटायचं, मला हे येतं. नुसतं माहीत असणं निराळं आणि येणं निराळं, हे त्या पाऊण पानानं दाखवलं.

मला वाचवलं सासूबाईंनी. चौथी शिकलेल्या. पुन्हा तयारी करताना मी तेच उत्तर लिहिलं आणि त्या शेंगा फोडत बसल्या होत्या, त्यांना सहज वाचून दाखवलं. म्हणाल्या, “मग? महाराजांना असं का करावं वाटलं?” मी पुस्तक उघडलं. महाराजांनी १८९४ साली कारभार हातात घेतला, तेव्हा सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. झाला एक परिच्छेद. “निम्म्या जागा म्हणजे होत्या त्यातल्या काढून घेतल्या का काय लोकांच्या?” नाही, ज्या पुढं रिकाम्या होतील त्यातल्या. दुसरा परिच्छेद. “आणि मागासले म्हणजे कोण कोण गं?” आदेशात ते उलट्या बाजूनं सांगितलंय: ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वगळून बाकी सगळे. तिसरा. “पोरं शिकलेलीच नसतील तर नोकरीला घ्यायची कुणाला?” इथं मी वसतिगृहं आणि पुढं १९१७चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, असं सगळं ओवत गेले. पाऊण पानाची चार पानं झाली, आणि एकही वाक्य फुगवलेलं नव्हतं. तपासणाऱ्यालाही सासूबाईंचेच प्रश्न पडलेले असतात, फक्त तो समोर नसतो.

तेव्हा वाचन कमी झालं तरी चालेल, पण आठवड्यात दोन उत्तरं घड्याळ लावून, पेनानं लिहायची. दवाखान्यात औषध कंपन्यांची माणसं राइटिंग पॅड देऊन जातात, ती मागून घ्या. मोबाइलवर टाइप केलेलं धरायचं नाही.

स्वाध्याय, म्हणजे घरून लिहून द्यायची उत्तरं, तीही मन लावून लिहा. इग्नूत त्यांना ३० टक्के वजन असतं, परीक्षेला ७०. आणि द्यायच्या आधी झेरॉक्स काढा, दिल्यावर पोच घ्या. माझे एका वर्षीचे स्वाध्याय अभ्यासकेंद्रातून गहाळ झाले. पोच नव्हती, म्हणून सगळे परत लिहून काढले. तेव्हा फार रडले होते, आता हसू येतं असंही नाही.

पदवी कशासाठी हवी हे तुम्ही लिहिलेलं नाही. नुसत्या आवडीसाठी असेल तर उत्तम, कुणाला कारण द्यायची गरज नाही. पण पुढं नेट किंवा सेट, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा, द्यायचं डोक्यात असेल, तर एम.ए.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ५०. अकरावी-बारावीला शिकवायचं तर बी.एड. पण हवं. पीएच.डी. मात्र दूरशिक्षणातून होत नाही. तेव्हा पहिल्या पेपरापासूनच ५५ डोळ्यांसमोर ठेवा. पासिंगपुरतं काढलं की शेवटच्या सत्रात ते भरून काढता काढता दम निघतो.

आणि लिहिलेली उत्तरं ऐकायला घरात कोण आहे ते बघा. मला तर वाटतं, तुमच्या जाऊबाईच बऱ्या. त्यांना शंका काढायची हौस दिसतेय.