‘पाप’ला देव लागतो का?

प्रश्न असा आला आहे : “आमच्या घरी देवधर्म नाही. सहा वर्षांच्या मुलीला तिच्या आजीने ‘खोटं बोलणं पाप असतं’ असं सांगितलं. मुलीने मला विचारलं, पाप म्हणजे काय? मी अडखळले. देवाशी संबंध नसलेला, पण ‘पाप’ इतकाच वजनदार मराठी शब्द आहे का? ‘अनैतिक’ चालेल का?”

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : नाही चालणार. ‘अनैतिक’चा कोशातला अर्थ कितीही ऐसपैस असो, आपल्या वर्तमानपत्रांनी तो शब्द एकाच खोलीत कोंडून ठेवला आहे. ‘अनैतिक संबंधातून खून’ हा मथळा वाचत आपण लहानाचे मोठे झालो. मापात मारणारा दुकानदार किंवा पेपर फोडणारा मास्तर यांना कोणी सहज ‘अनैतिक’ म्हणत नाही. ‘लबाड’ म्हणतील, ‘हरामखोर’ म्हणतील. तुमच्या लेकीने उद्या वर्गात ‘खोटं बोलणं अनैतिक असतं’ असं ऐकवलं, तर संध्याकाळी बाईंचा फोन येईल.

‘अनैतिक’ ज्याच्यापासून झाला त्या ‘नीती’चा पूर्वेतिहासही वाटतो तितका सोवळा नाही. ‘नी’ म्हणजे नेणे, त्याच धातूचे ‘नेता’ आणि ‘नेत्र’. संस्कृतात नीती हा मोठ्या प्रमाणावर राजाच्या आणि व्यवहारी माणसाच्या शहाणपणाचा शब्द होता. पंचतंत्र स्वतःला नीतिशास्त्र म्हणवतं, आणि त्यातलं माकड ‘माझं काळीज झाडावरच राहिलं’ अशी थाप मारून मगरीच्या तावडीतून सुटतं. गोष्ट त्या थापेला शाबासकी देते! हा अर्थ हिंदीने जपला. तिथे ‘राष्ट्रीय शिक्षा नीति’, आपल्याकडे ‘राष्ट्रीय शैक्षणिक धोरण’. मराठीने ‘नीती’ सदाचाराकडे वळवली आणि डावपेचांसाठी ‘रणनीती’, ‘कूटनीती’ असे जोडशब्द ठेवले. म्हणजे ज्या शब्दाला तुम्ही देवाचा स्पर्श नाही म्हणून जवळ करता आहात, त्याच्याही अंगावर दरबाराचा वास आहे.

आता ‘गुन्हा’. तुम्ही विचारलेला नाही, पण मला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. फारसीत ‘गुनाह’ म्हणजे पाप. उर्दू-हिंदीत अजूनही गुनाहाची माफी खुदाकडे मागतात. मराठीत आल्यावर मात्र तो चौकीवर जाऊन बसला. आपण गुन्हा दाखल करतो, गुन्हे शाखा असते, गुन्हेगाराला शिक्षा होते, आणि या सगळ्यात परमेश्वर कुठेही येत नाही. थेट पापवाचक शब्दाचं मराठीने इतकं पुरतं इहवादी रूपांतर केलं की त्याचं मूळ सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. शब्द जन्मतः धार्मिक असला म्हणजे मरेपर्यंत धार्मिक राहतो असं नाही, हे यातून ध्यानात घ्या.

मग खुद्द ‘पाप’? तुमची अडचण अशी, की पाप म्हटलं की देव आला, त्याची वही आली, शिक्षा आली. ख्रिस्ती मराठीत पाप मुख्यतः देवाविरुद्धचा अपराध आहे खरा. १६१६ साली गोव्यात छापलेल्या फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणापासून हा शब्द त्या अर्थाचं ओझं वाहतो आहे. धर्मशास्त्रांत ‘पातक’ आहे, त्याची प्रतवारी आहे, प्रायश्चित्तं आहेत. (पंचमहापातकांत ब्रह्महत्या, सुरापान आहे, पण साधं रोजचं खोटं बोलणं नाही. आजीला सांगू नका.) पण बोलीतल्या मराठीने ‘पाप’ या दोन्हींपेक्षा बरंच सैल वापरलं आहे. इंग्रजीत ज्याला देवाला भिणारा म्हणतात त्याला आपण काय म्हणतो? पापभीरू. ‘देवभीरू’ असा शब्द मी तरी कोणाच्या तोंडी ऐकलेला नाही. ‘देवभोळा’ आहे, पण त्यात भीती नाही, भाबडेपणा आहे. आमच्या चाळीत एक कम्पौंडर होते. देवळाची पायरी कधी चढले नाहीत, पण औषधाच्या हिशोबात चार आणे जास्त आले तर रात्री नऊला दार ठोठावून परत करायचे. सगळी चाळ त्यांना पापभीरू म्हणायची, आणि त्यात कोणालाही विसंगती वाटत नसे.

तुकोबांनी तर व्याख्याच देऊन टाकली आहे : ‘पुण्य पर उपकार पाप ते परपीडा’. दुसऱ्याला पीडा होते ते पाप. या चरणात देव नाही. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की याच अभंगात पुढे नामस्मरण आहे, संतसंग आहे. विवेकवादी मंडळी हा एक चरण उचलतात आणि पुढचे सोडतात. तुकोबांना देव वगळायचा नव्हता. पण पापाची खूण विचारली तेव्हा त्यांनी बोट दुसऱ्या माणसाच्या दुःखाकडे केलं. तीच गोष्ट धम्मपद या बौद्ध ग्रंथाची. तिथे सृष्टिकर्ता ईश्वर नाही, तरी ‘सब्बपापस्स अकरणं, कुसलस्स उपसंपदा’ (कोणतंही पाप न करणं, चांगलं ते साधणं) म्हणताना ‘पाप’ हा शब्द बिनदिक्कत आहे. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर : ‘पाप’ला देव लागतोच असं नाही. तुम्ही तो शब्द वापरलात तर कोणाचा विश्वासघात होत नाही.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. तुम्ही नाम शोधता आहात, आणि मराठीने ही गोष्ट क्रियापदात ठेवली आहे.

‘खोटं बोलू नकोस’ आणि ‘खोटं बोलू नये’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात एक सांगणारा आहे आणि एक ऐकणारा. दहा आज्ञा मराठी बायबलमध्ये अशाच येतात : चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको. उपनिषदातला गुरूही शिष्याला ‘सत्यं वद’ असं समोर बसवून सांगतो. सांगणारा उठून गेला की या वाक्याचं बळ कुठून येणार, हा देव न मानणाऱ्यांना नेहमी विचारला जाणारा प्रश्न आहे. ‘बोलू नये’मध्ये मात्र सांगणाराच नाही. जुन्या मराठीत ‘न ये’ म्हणजे येत नाही, जमत नाही. ‘मला पोहता येत नाही’मधलं येणं. त्यावरून शोभत नाही, उचित नाही. आज्ञा कोणाची, हे वाक्य सांगतच नाही. आजीच्या कानाला त्यात देव ऐकू येईल, तुम्हाला माणुसकी, आणि दोघी एकच वाक्य बोलाल. याचं होकारी भावंड ‘करावे’. त्यातला ‘-आवा’ थेट संस्कृत ‘-तव्य’वरून आला आहे. म्हणजे ‘करावे’ आणि ‘कर्तव्य’ हे सख्खे नातेवाईक. एक घरी राहिला, दुसरा शिकून मोठा झाला.

तिसरंही एक रूप आहे, आणि महाराष्ट्रात ते लाखो घरांत रोज उच्चारलं जातं. बौद्धांच्या पंचशीलातलं चौथं शील : ‘मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि’. खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचा नियम *मी* स्वीकारतो. प्रथमपुरुष! आज्ञा नाही, निनावी नियमही नाही, स्वतःवर घेतलेली जबाबदारी. १९५६च्या ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही ‘मी खोटे बोलणार नाही’ असंच आहे. आणि बाबासाहेबांनी ‘धर्म’ न म्हणता पाली ‘धम्म’ निवडला त्यामागे हाच आग्रह होता, की इथे नीती ही धर्माची एक शाखा नाही, नीती म्हणजेच धम्म. उच्चारात फक्त र गेला, अर्थात केवढा फरक पडला. (गंमत म्हणजे आपल्या राजकारण्यांनी ‘धर्म’ला दुसऱ्या टोकाला नेऊन पुरता निधर्मी केला आहे : ‘आघाडीचा धर्म पाळा’. म्हणजे जागावाटपात आमची जागा सोडा. ‘शेजारधर्म’ त्यापेक्षा बरा, त्यात निदान वाटीभर साखर तरी मिळते.)

तर मुलीला ‘खोटं बोलू नये’ एवढंच सांगा. ‘का?’ असं ती विचारणारच. तेव्हा कोणाला त्रास होतो ते दाखवा. ती तुकोबांची परपीडा. थोडी मोठी झाली की ‘जनाची नाही, निदान मनाची तरी’ ही आपली जुनी फुटपट्टी आहेच. तिच्यात लोक आहेत आणि मन आहे, तिसरं कोणी नाही. आजीचं ‘पाप’ मात्र खोडू नका.

तुम्ही ताजा कलमात विचारलं आहे, की शपथेचं काय, मुलगी ‘देवाशप्पथ’ म्हणायला शिकली आहे. संविधानाने यावर सोय करून ठेवली आहे. तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्याला ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ आणि ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ यांतलं काहीही निवडता येतं. पण लपाछपीत राज्य कोणावर हे ठरवताना गांभीर्यपूर्वक दृढकथन कोण करणार? तिथे ‘आईशप्पथ’ चालतं, आणि ती साक्षीदार तर घरातच आहे.