यमालचाही अंसू फाती होईल का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: बार्सिलोनात सोळा-सतरा वर्षांचे विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणारे पुढचे खेळाडू, एवढे चमकतात आणि मग गायब होतात, लामिन यमालचंही तसंच होईल का? आणि तुमचा बारा वर्षांचा मुलगा राइट विंगला खेळतो, तर त्याने कोणाकडे बघून शिकावं?

मी कोल्हापूरचा. पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाकडून आठ वर्षं राइट आउट खेळलो. 'विंगर' हा शब्द आमच्याकडे टीव्हीबरोबर आला, शाहू स्टेडियमवरची जुनी मंडळी अजून राइट आउट, लेफ्ट आउटच म्हणतात. काही लोकांची अक्कल गुडघ्यात असते म्हणतात. माझी खरोखरच तिथे आहे, कारण या जागेबद्दल जे काही कळलं ते गुडघा गेल्यावर कळलं. बार्सिलोनाचे सामने मात्र 2004 पासून बघतोय, रात्री साडेबाराला किंवा थंडीत दीड वाजता, टीव्हीचा आवाज बंद करून, घरच्यांच्या शिव्या खात.

अंसूपासून सुरुवात करतो, कारण तुमच्या प्रश्नातली भीती त्याच्यामुळेच आहे.

अंसू फाती जन्मला गिनी-बिसाऊत, 31 ऑक्टोबर 2002 ला. लहानपणीच कुटुंब स्पेनमध्ये सेव्हिलजवळ आलं आणि दहाव्या वर्षी पोरगा बार्सिलोनाच्या ला मासिया या अकादमीत. ऑगस्ट 2019 मध्ये मेस्सी दुखापतीमुळे बाहेर होता, म्हणून या पोराला बेटिसविरुद्ध शेवटची काही मिनिटं मिळाली. सहा दिवसांनी ओसासुनाच्या मैदानावर मध्यंतरानंतर उतरला आणि हेडरने गोल. वय 16 वर्षं 304 दिवस. मग कॅम्प नोऊवर, म्हणजे बार्सिलोनाच्या घरच्या मैदानावर, व्हॅलेन्सियाविरुद्धचा सामना. दुसऱ्या मिनिटाला त्याचा गोल आणि सातव्या मिनिटाला त्याच्या पासवर डी यॉन्गचा गोल. मी पाणी प्यायला उठलो होतो, परत येईपर्यंत 2-0. डिसेंबरमध्ये मिलानमध्ये इंटरविरुद्ध गोल केला तेव्हा चॅम्पियन्स लीगच्या इतिहासातला सर्वांत लहान गोल करणारा ठरला.

त्याचा खेळ कसा होता हे आता लोक विसरलेत. तो डाव्या बाजूने उजव्या पायावर आत यायचा, पण त्याची खरी ताकद ड्रिबलिंगपेक्षा गोलसमोर होती. बॉल पायात आला की दुसऱ्या टचला शॉट, तोही जमिनीलगत, गोलकीपर बसायच्या आत. असला थंडपणा शिकवून येत नाही.

7 नोव्हेंबर 2020. पुन्हा बेटिसच समोर. अठरावा वाढदिवस होऊन बरोबर एक आठवडा झाला होता. पेनल्टी बॉक्समध्ये धक्का लागला, डाव्या गुडघ्यातला मेनिस्कस फाटला. मेनिस्कस म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड यांच्यामधली कूर्चेची गादी. ती एकदा गेली की बरी होता होता दमवते. पोरावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. तो परत मैदानात आला तो 26 सप्टेंबर 2021 ला, लेवान्तेविरुद्ध. तोवर मेस्सी पॅरिसला गेला होता आणि त्याचा दहा नंबरचा टी-शर्ट अंसूच्या अंगावर चढवला होता. शेवटच्या दहा मिनिटांसाठी आला आणि तरी गोल केला. लोक रडले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? पण दहा महिने न खेळलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला तो नंबर द्यायची गरज होती का, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. पुढे जानेवारी 2022 मध्ये मांडीचा स्नायू गेला. मग इंग्लंडच्या ब्रायटन क्लबला उसना, तिथून परत येऊन बाकावर, मग 2025 मध्ये मोनॅकोला. तिथे गेल्या गेल्या गोल सुरू केले. म्हणजे गोल करायचं तो विसरला नव्हता. गेला होता तो पहिल्या पाच पावलांचा वेग.

म्हणून 'अंसू फुसका निघाला' असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

आता यात एक गोष्ट समजून घ्या. विंगर लवकर का चमकतो? सेंटर बॅकला दहा माणसांकडे लक्ष द्यावं लागतं. मिडफिल्डरला पाठीमागे काय चाललंय ते कळावं लागतं. त्याला वर्षं लागतात. राइट आउटच्या एका बाजूला खडूची रेघ, समोर एक माणूस. त्या एका माणसाला चकवता आलं की काम झालं. ही कला बाराव्या वर्षीही अंगात असू शकते. पण ती वापरायला लागणारे स्नायू, कूर्चा, कंबर यांचं वय बाराच असतं, ते कलेच्या वयाने वाढत नाहीत. त्यात बार्सिलोनासारख्या क्लबची तिजोरी रिकामी असली की घरच्या फुकटच्या पोरावर सगळा भार पडतो. 2019 नंतर तिथे हेच झालं.

विकत आणलेल्या पोरांचंही काही वेगळं झालं नाही म्हणा. नेमार 22 कोटी 20 लाख युरोला पॅरिसला गेला आणि त्या पैशातून 2017 मध्ये डॉर्टमुंडहून वीस वर्षांचा उस्मान डेम्बेले आणला, 10 कोटी 50 लाख युरो आणि वर बोनस. तिसऱ्याच आठवड्यात हेताफेच्या मैदानावर, रेघेबाहेर जाणारा बॉल टाचेने आत मारायला गेला आणि मांडीचा मागचा स्नायू फाटला. टाचेने मारायचा अट्टहास! दोन्ही पायांनी सारखाच खेळणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, कॉर्नरसुद्धा कधी डाव्या पायाने, कधी उजव्या. सहा वर्षांत निम्मा वेळ दवाखान्यात गेला. 2023 मध्ये पॅरिसला विकला. तिथे कोच लुईस एन्रिकेने त्याला रेघेवरून उचलून मधे आणलं, 2025 मध्ये संघाने चॅम्पियन्स लीग जिंकली आणि सप्टेंबरमध्ये बॅलन डी'ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, डेम्बेलेच्या हातात. वय 28. त्या यादीत दुसरा कोण होता? यमाल, वय 18. बार्सिलोनाचा जुना विंगर पहिला, नवा दुसरा. त्या रात्री आमच्या ग्रुपवर यावरून जी भांडणं झाली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

तर आता यमाल.

जन्म 13 जुलै 2007. वडील मोरोक्कोचे, आई इक्वेटोरियल गिनीची. बार्सिलोनाच्या वर, समुद्राकाठी मातारो नावाचं शहर आहे, त्यातली रोकाफोंदा ही कष्टकऱ्यांची वस्ती. तिचा पिनकोड 08304. गोल केल्यावर हा पोरगा बोटांनी तीन, शून्य, चार करतो तो हाच. आमच्या पेठांतल्या पोरांना हे लगेच कळतं, समजावून सांगावं लागत नाही. (आणि अंसूच्या पहिल्या गोलाचे दिवसही 304 होते. योगायोग आहे, पण माझ्यासारख्या माणसाला असल्या गोष्टी रात्री झोपू देत नाहीत.)

2007 मध्ये एका धर्मादाय कॅलेंडरसाठी वीस वर्षांच्या मेस्सीने एका तान्ह्या बाळाला टबात अंघोळ घातली, ते बाळ हेच. फोटो खरा आहे, एआयचा नाही, मला चार जणांनी विचारलंय.

पहिला सामना 29 एप्रिल 2023, समोर कोण? बेटिस. या क्लबच्या पोरांच्या नशिबात बेटिस लिहूनच ठेवलंय. वय 15 वर्षं 290 दिवस. पण मी त्याला खरा ओळखला तो 9 जुलै 2024 च्या रात्री, युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या सेमीफायनलमध्ये. स्पेनविरुद्ध फ्रान्स 1-0 ने पुढे. एकविसावं मिनिट. यमालला बॉल मिळाला बॉक्सच्या बाहेर, समोर फ्रान्सचा राबियो, उंचापुरा आणि अनुभवी. सामन्याआधी राबियो म्हणाला होता की फायनल खेळायची तर या पोराला आजवर केलं त्यापेक्षा जास्त करावं लागेल. यमाल बॉल घेऊन थांबला. नुसता थांबला. खांदा उजवीकडे टाकला, राबियोचं वजन तिकडे गेलं, तेवढ्यात बॉल डावीकडे वीतभर सरकवला आणि डाव्या पायाच्या आतल्या बाजूने लांबून वळवला. खांबाच्या आतून जाळ्यात. गोलकीपरने झेप घेतली, पण ती फोटोसाठी. नंतर कॅमेऱ्यात बघून पोरगा म्हणाला, "आता बोल, आता बोल." चार दिवसांनी सतरा पूर्ण झाले आणि दुसऱ्या दिवशी फायनलमध्ये निको विल्यम्सच्या गोलाचा पास त्याचाच.

या गोलात धावणं किती आहे बघा. जवळजवळ नाहीच. इथे मला तो अंसू आणि डेम्बेलेपेक्षा वेगळा वाटतो. ते दोघे वेगावर जगत होते. यमाल थांबण्यावर जगतो. रेघेजवळ बॉल घेतो आणि उभा राहतो, समोरचा लेफ्ट बॅक पुढे यावं की मागे जावं या पेचात पडतो, मागून बार्सिलोनाचा राइट बॅक कुंदे धावत बाहेरून जातो, आणि मग यमालकडे तीन दारं उघडी असतात: आत वळून शॉट, कुंदेला पास, नाहीतर पायाच्या बाहेरच्या बाजूने उलट्या वळणाचा क्रॉस. हा क्रॉस त्याने सप्टेंबर 2024 मध्ये विलारेयालच्या मैदानावर राफिन्याला असा दिला की मी तो सात-आठ वेळा मागे नेऊन पाहिला. 2025 च्या कोपा डेल रे या स्पॅनिश कपच्या फायनलमध्ये माद्रिदविरुद्ध पेद्रीला आणि फेरानला दिलेले दोन्ही पास त्याचे. त्याच आठवड्यात चॅम्पियन्स लीगची इंटरविरुद्ध सेमीफायनल, क्लबसाठी त्याचा शंभरावा सामना. 2-0 ने मागे असताना एकट्याने संघाला उठवलं. परतीच्या सामन्यात नव्वद मिनिटांनंतरच्या इंज्युरी टाइममध्ये त्याचा शॉट खांबाला लागला आणि पुढच्याच मिनिटाला इंटरच्या अचेर्बीने बरोबरी केली, ते सोडा. ते आठवलं की जेवण जात नाही.

शंभरावा सामना, वय सतरा. आता हा आकडा जरा शेजारी शेजारी ठेवून बघा. अठरा पूर्ण व्हायच्या आधी मेस्सी बार्सिलोनाच्या मुख्य संघाकडून 9 सामने खेळला होता. अंसू चाळीसच्या आसपास. यमाल शंभराच्या वर, स्पेनचे वेगळेच.

माझी काळजी इथे आहे, पार्ट्या आणि सोन्याच्या चेनवरून ओरडणाऱ्यांची ती नाही. वेगावर जगत नसला तरी दर सामन्यात पन्नासदा थांबणं, वळणं, मारणं याचा भार जांघेत, ओटीपोटाच्या हाडाजवळ येतो. आणि 2025 च्या सप्टेंबरमध्ये तिथेच दुखायला लागलं. स्पेनकडून दुखत असताना खेळवलं म्हणून बार्सिलोनाचा कोच फ्लिक उघडपणे चिडला, नोव्हेंबरमध्ये उपचारांसाठी त्याला स्पेनच्या संघातून सोडावं लागलं. हे दुखणं गुडघ्यासारखं एका दिवसात घात करत नाही, पण चिवट असतं. मला होतं. आमचा कोच म्हणायचा, "गरम झालास की जाईल." गरम झाल्यावर जायचं, हे खरं. रात्री परत यायचं.

मेस्सीचंही सुरुवातीला हेच चालू होतं, हे लोक सोयीस्कर विसरतात. मार्च 2008 मध्ये सेल्टिकविरुद्ध मांडी धरून रडत बाहेर गेला तेव्हा 'हा काचेचा आहे' अशीच चर्चा होती. त्यानंतर कोच म्हणून ग्वार्डिओला आला, खाण्यापिण्यावर आणि स्नायूंवर काम झालं आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर: यमालचा अंसू व्हायलाच हवा असं काही नाही. पण त्याचे गोल मोजू नका, मिनिटं मोजा. क्लबने 2025 च्या उन्हाळ्यात कोपनहेगनहून रूनी बार्दघजी आणलाय. कुवेतमध्ये जन्मलेला, सीरियन घरातला, स्वीडनमध्ये वाढलेला, यमालसारखाच डावखुरा राइट विंगर, 2023 मध्ये मँचेस्टर युनायटेडला 4-3 ने हरवणारा गोल याचाच. स्वतः गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीतून उठून आलाय. यमाल नसताना त्याला खेळवतात. तो चांगलाच आहे, पण तो महान होईल की नाही यापेक्षा तो यमालची किती मिनिटं वाचवतो हे मी जास्त बघतो.

आणि तुमच्या मुलाचं. त्याला यमालचे रील्स दाखवू नका, त्यात बॉल पायात आल्यापासूनचं दाखवतात. फ्रान्सविरुद्धचा पूर्ण पहिला हाफ दाखवा आणि बॉल दुसऱ्या बाजूला असताना यमाल काय करतो तेवढंच बघायला सांगा. तो दर दोन-तीन सेकंदांनी मान वळवून लेफ्ट बॅककडे बघतो, मग स्वतःच्या पायाखालच्या रेघेकडे. माझ्या आठ वर्षांत मी रेघेकडे एकदाही बघितलं नव्हतं. बारा वर्षांच्या मुलाला आठवड्यात दोन सामन्यांच्या वर खेळवत असाल तर ते आजच थांबवा. टूर्नामेंटवाले फोन करतील, 'फक्त सेमीफायनलला पाठवा' म्हणतील. फोन उचलू नका.