‘स्पेअर’ म्हणजे जास्तीचा चेंडू नव्हे

प्रश्न असा आहे: दहा पिनांच्या बोलिंगमध्ये ‘स्पेअर’ म्हणजे गाडीच्या स्पेअर चाकासारखा राखीव चेंडू का? आणि ‘स्ट्राइक’ मिळाला तरी गुणफलकावर त्या जागी लगेच आकडा का दिसत नाही? दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकत्रच घेतो.

स्पेअर हे चेंडूचं नाव नाही, निकालाचं आहे. एका डावात दहा फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेममध्ये दहा पिना पाडायला जास्तीत जास्त दोन चेंडू मिळतात. पहिल्याच चेंडूवर दहाही पडल्या तर स्ट्राइक. मग त्या फ्रेमचा दुसरा चेंडू टाकायचाच नसतो. पहिल्यानंतर उरलेल्या सगळ्या दुसऱ्यावर पडल्या तर स्पेअर. दोन्ही चेंडू संपूनही एखादी पिन उभी राहिली तर ती ओपन फ्रेम. (फ्रेम हा शब्द स्नूकरमुळे ओळखीचा असेल तर जरा सांभाळा. तिथे फ्रेम म्हणजे अख्खा डाव, इथे डावाचा दहावा हिस्सा.)

यातली एक बारीक जागा मला फार आवडते. समजा, पहिला चेंडू कडेच्या पन्हळीत गेला, एकही पिन हलली नाही. दुसऱ्याने मात्र एका दणक्यात दहाच्या दहा आडव्या केल्या. हा स्ट्राइक का? नाही, स्पेअरच. त्यामुळे ‘एका चेंडूत दहा पिना’ ही स्ट्राइकची नेहमी दिली जाणारी व्याख्या अपुरी आहे. ‘फ्रेमच्या पहिल्या चेंडूत’ असंच म्हणायला हवं.

आता गुण. ओपन फ्रेमला पडल्या तितक्या पिनांचे गुण. स्पेअरला दहा, अधिक पुढच्या एका चेंडूत पडलेल्या पिना. स्ट्राइकला दहा, अधिक पुढच्या दोन चेंडूंत पडलेल्या पिना. म्हणजे हे दोन्ही शब्द पुढच्या चेंडूंवरचा हक्क सांगतात, आणि तो वसूल होईपर्यंत बेरीज करताच येत नाही. तोवर चौकटीत नुसती खूण असते: स्ट्राइकला फुली, स्पेअरला तिरपी रेघ.

इथे बहुतेकांची गल्लत होते ती ‘पुढचे दोन चेंडू’ऐवजी ‘पुढची फ्रेम’ धरल्याने. लागोपाठ दोन स्ट्राइक आणि तिसऱ्या फ्रेममध्ये ७ व २ पिना, असं धरू. पहिल्या फ्रेमचे गुण १०, १० आणि ७ मिळून २७. दुसरीचे १०, ७ आणि २, म्हणजे १९, एकूण ४६. तिसरीचे ९, एकूण ५५. पहिल्या स्ट्राइकचे दोन चेंडू दोन वेगळ्या फ्रेममधले आहेत, हे लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं. दहाव्या फ्रेमनंतर चेंडूच उरत नाहीत, म्हणून तिथे स्ट्राइकला आणखी दोन आणि स्पेअरला आणखी एक चेंडू देतात. बाराही चेंडूंवर स्ट्राइक मिळाले तर ३०० गुण. याहून जास्त होऊच शकत नाहीत.

कानावर पडणारे आणखी काही शब्द. लागोपाठ तीन स्ट्राइक म्हणजे टर्की. हा देश नव्हे, पक्षी. सर्वांत पुढची पिन पडून उरलेल्यांच्या मध्ये खिंडार राहिलं तर स्प्लिट. मागच्या दोन टोकांच्या ७ आणि १० क्रमांकाच्या पिना उरणं हा त्यातला सर्वांत बदनाम प्रकार. उजव्या हाताने टाकणाऱ्याचा चेंडू पुढच्या पिनेच्या उजवीकडून शिरायला हवा, त्या जागेला पॉकेट म्हणतात. तो ओलांडून डावीकडून शिरला तर ब्रुकलिन.

मराठीत लिहिताना स्ट्राइकला ‘षटकार’ म्हणण्याचा मोह टाळावा असं मला ठामपणे वाटतं. षटकाराचे सहा तिथल्या तिथे ठरतात, स्ट्राइकचे गुण ठरत नाहीत, आणि या खेळाची सगळी गंमत त्या थांबण्यातच आहे. ‘डाव’, ‘गुण’, ‘चेंडू’ खुशाल वापरा. स्ट्राइक, स्पेअर आणि फ्रेम मात्र आहेत तसेच राहू द्या.

एक अपवाद सांगायला हवा. काही स्पर्धांत आता सोपी पद्धत वापरतात: स्ट्राइकला सरळ ३० गुण, आणि स्पेअरला दहा अधिक त्याच फ्रेमच्या पहिल्या चेंडूतल्या पिना. तिथे चौकट रिकामी राहत नाही; आणि वरच्या उदाहरणातल्या, पन्हळीतून सावरून मिळवलेल्या स्पेअरला फक्त दहाच गुण मिळतात.