पहिली मोठी चढाई आणि पोटातला गोळा

“पहिलीच मोठी चढाई ठरली आहे आणि पोटात गोळा येतोय. म्हणजे मी जाऊच नये का?” थंडी पडायला लागली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. सह्याद्रीतल्या सुळक्यांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि तारखा ठरतात त्या दिवाळीच्या आसपास. मी प्रस्तरारोहणाची प्रशिक्षक नाही. दोर, गाठी, अँकर (कातळात पक्के केलेले आधार) यांबद्दलचे प्रश्न मी प्रशिक्षकांकडेच पाठवते. पण ते प्रश्न नेमके कोणते, हे भीतीच्या गुंत्यातून बाहेर काढायला बहुतेकांना मदत लागते.

अशीच एक शिक्षिका माझ्याकडे आली होती (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). वय पस्तिशीच्या आतलं, ट्रेकिंगची चांगली सवय, पुण्याजवळच्या छोट्या कातळांवर दोर लावून बऱ्यापैकी सराव केलेला. आता ग्रुपबरोबर सह्याद्रीतल्या तैलबैल्याच्या कड्यावर जायचं होतं. खिंडीच्या दोन्ही अंगांना उभ्या असलेल्या त्या काळ्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. तिथे एका दमात चढून खाली येता येत नाही. एक टप्पा चढायचा, मधल्या अरुंद जागेवर स्वतःला अँकरला बांधून थांबायचं, मागच्यांना वर घ्यायचं, मग पुढचा टप्पा.

“मॅडम, मला उंचीची भीती वाटत नाही,” ती म्हणाली. “पण तारीख ठरल्यापासून झोप लागत नाही. घरी सांगायची सोय नाही, सासूबाई म्हणतील, मग जातेस कशाला?”

मी तिला डोळे मिटायला लावले नाहीत की ‘सगळं छान होईल’ असं म्हणायला सांगितलं नाही. घाबरलेल्या माणसाला धीराचे शब्द दिले की तो तेवढ्यापुरता गप्प होतो, भीती तिथेच राहते. मी म्हटलं, “पहाटे उठल्यापासून संध्याकाळी परत गाडीत बसेपर्यंतचा दिवस मला सांगा. क्रमाने, काहीही न गाळता.” तिने सुरुवात केली. हेल्मेट, हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे), आठाची गाठ, बिले देणाऱ्याशी, म्हणजे चढणाऱ्याचा दोर धरून सांभाळणाऱ्याशी, तपासणी, चढाईची सुरुवात, सगळं न अडखळता आलं. पहिल्या स्टेशनपाशी, म्हणजे त्या मधल्या थांब्यापाशी, पोचल्यावर मात्र ती थांबली.

“तिथे मी काय करते, ते मला दिसतच नाही.”

आमचं निम्मं काम या वाक्याने केलं. सरावाच्या कातळावर ती दर वेळी जमिनीवर परत यायची. अँकरवर स्वतःचं वजन सोडून ती कधी थांबलीच नव्हती. तिची भीती तिला भित्री ठरवत नव्हती, एक शिकायची राहिलेली गोष्ट दाखवत होती. अशा भीतीला पळवून लावायचं नसतं, तिचं ऐकून कामाला लागायचं असतं.

मनातली दुसरी गाठ सुटायला जरा वेळ लागला. “माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला तर?” आपली ही पहिलीच अशी चढाई आहे, हे तिने लीडरला नीट सांगितलंच नव्हतं. माझ्या अनुभवात, उंचीपेक्षा कितीतरी जास्त माणसं या संकोचाला घाबरतात. आणि संकोच जास्त धोकादायक, कारण संकोचलेला माणूस “मला गाठ कळली नाही, पुन्हा दाखव” असं म्हणत नाही.

तिने लीडरला विचारायचे प्रश्न आम्ही मिळून लिहिले. पहिल्या स्टेशनवरून मला उतरायचं असेल तर कसं उतरवणार? वाऱ्यात आवाज पोचला नाही तर दोराच्या खुणा कोणत्या? माझा पाय सुटला तर मी किती खाली जाईन? या शेवटच्या प्रश्नाचं लीडरने दिलेलं उत्तर मला फार आवडलं. दुसऱ्या क्रमांकावर चढणाऱ्याला बिले वरून मिळतो, त्यामुळे दोर नीट ताणलेला असेल तर फार खाली पडायला होत नाही. पण चढाईचा दोर मुद्दाम लवचिक असतो. टप्प्याच्या सुरुवातीला, वरपर्यंत तीसेक मीटर दोर असताना पाय सुटला, तर नुसत्या ताणानेच एक-दोन मीटर खाली यायला होतं. हे आधी माहीत नसेल तर त्या क्षणी वाटतं, दोर सुटला! आडवं सरकताना पाय सुटला तर झोका बसतो, हेही लीडरने तिला सांगितलं. ऐकून ती जास्त घाबरेल असं तिच्या नवऱ्याला वाटलं होतं. झालं उलटंच, त्या रात्री तिला झोप लागली.

मग प्रशिक्षकाने सरावाच्या कातळावर जमिनीपासून जेमतेम कमरेएवढ्या उंचीवर अँकर लावला. तिथे तिने स्वतःला बांधायचं, दोनदा तपासायचं, आणि मागे रेलून बसायचं. पहिल्यांदा हात कातळावरून सुटेनात. मग एक सुटला, मग दुसरा. त्या अवस्थेत तिने पाणी प्यायलं, जॅकेट चढवलं, उतरण्याचं डिसेंडर लावून दाखवलं. कंटाळा येईपर्यंत तिने हे केलं. कंटाळा आला की शरीराला पटलेलं असतं.

पाण्यावरून एक गोष्ट, जी बायका सहसा बोलत नाहीत. वर लघवीची सोय नाही म्हणून ही आदल्या संध्याकाळपासून पाणीच पिणार नव्हती. पाणी कमी पडलं की छाती जास्त धडधडते, डोकं हलकं होतं, आणि हे सगळं भीतीच्या खात्यावर जमा होतं. बहुतेक हार्नेसमध्ये कमरेचा पट्टा तसाच ठेवून मांड्यांच्या पट्ट्यांचे मागचे बंद सोडता येतात. ते तिने प्रशिक्षिकेकडून जमिनीवर शिकून घेतलं. हा प्रश्न विचारायला लाजू नका.

शरीराची भाषाही थोडी शिकावी लागली. चवड्यांवर उभं राहून पोटऱ्या थकल्या की पाय शिलाई मशीनसारखा थरथरतो. टाच खाली आणायची, गुडघा सरळ करायचा, श्वास लांबवर सोडायचा. धडधडीची सवय व्हावी म्हणून तिने घरी जिने भरभर चढून, वर पोचल्यावर काहीही न करता नुसतं उभं राहायचा सराव केला. धडधड वाढते आणि आपली आपण ओसरते, हे तिने स्वतः पाहिलं. हृदयविकार किंवा दमा असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच करा. आणि उंचीवर भोवळ येणं, दम कोंडणं, गॅलरीतही उभं राहता न येणं असा त्रास असेल तर आधी त्यावर उपचार, चढाई नंतर.

मी लोकांना स्पष्टपणे ‘जाऊ नका’ असंही सांगते. लीडर प्रश्नांवर चिडत असेल, हेल्मेटला कमी लेखत असेल, “होईल गं, चल” एवढंच उत्तर देत असेल, तर नकार द्या. रात्रभर प्रवास करून पहाटे थेट कड्याला भिडायचं, ही आपल्याकडची पद्धत नवख्यांसाठी मला मुळीच पटत नाही. परफ्युम लावू नका, वर आरडाओरडा करू नका. कड्यांवर आग्या मोहोळं असतात आणि तिथे पळायला जागा नसते.

ती गेली. पहिल्या स्टेशनवर पाय थरथरला, टाच खाली आणल्यावर थांबला. सगळ्यांनी खालीच ठरवलं होतं की अकरापर्यंत दुसरा टप्पा सुरू झाला नाही तर परतायचं. अकरा वाजून गेले तरी मागचा एक जण वर यायचा होता. ही वेळ मोठ्याने बोलून दाखवली ती तिनेच. लीडरने घड्याळ पाहिलं, मान हलवली आणि सगळे रॅपलिंग करून, म्हणजे दोरावरून, उतरले.

“वाईट वाटलं का?” मी विचारलं. “वाटलं ना. गाडीत रडलेसुद्धा. पण तिथे उभी असताना मला सगळं समजत होतं, मॅडम.”

पुढची तारीख डिसेंबरातली ठरली आहे. या वेळी ग्रुप आदल्या रात्री गावातच मुक्काम करणार आहे, आणि लीडरला बिले कसा द्यायचा हे ती सध्या दर रविवारी शिकते आहे.