गाडी पाठवायचा भाव ठरला होता, आता ब्रोकर जास्त पैसे मागतोय. काय करावं?

आधी पाहा, तुमच्या हातात आहे तो नुसता अंदाज आहे की करार. बहुतेक वाद इथेच सुरू होतात.

ब्रोकरकडे स्वतःचा ट्रक नसतो. तो तुमच्या गाडीचं काम लोड बोर्डवर, म्हणजे ट्रकवाले कामं शोधतात त्या ऑनलाइन यादीवर, टाकतो आणि आपला वाटा वजा करून उरलेली रक्कम ट्रकवाल्याला देऊ करतो. गिऱ्हाईक मिळावं म्हणून भाव मुद्दाम कमी सांगितला असेल, तर त्या पैशात कुणी गाडी उचलत नाही. मग ऐन वेळी फोन येतो, 'डिझेल वाढलंय, आणखी द्यावे लागतील.' तोवर दुसरी सोय करायला तुमच्याकडे वेळ उरलेला नसतो, आणि हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मला ही सरळसरळ अडवणूक वाटते.

करारात भाव बदलण्याचं कलम नसेल तर लेखी नकार द्या. असेल तर ट्रक ठरण्याआधी रद्द केल्यास आगाऊ रक्कम परत मिळते का, ते वाचा. मात्र गाडी बंद असल्याचं सांगितलं नसेल किंवा आत सामान भरलं असेल, तर वाढीव आकार रास्तच आहे.

आगाऊ रक्कम शक्यतो क्रेडिट कार्डाने भरा, म्हणजे सेवा न मिळाल्यास बँकेकडे दाद मागता येते. अमेरिकेत असाल तर ब्रोकरची एफएमसीएसएकडे (ट्रक वाहतुकीवर देखरेख ठेवणारी तिथली केंद्रीय सरकारी संस्था) नोंदणी आणि ७५,००० डॉलरचा बाँड (हमीपत्र) किंवा ट्रस्ट फंड असावाच लागतो. तक्रारही तिथेच ऑनलाइन करता येते.